त्या डिप्रेशनवाल्या अ‍ॅपच्या मेसेजबद्दल जरा खुलासा

आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुप्सवर सकाळपासून फिरतंय ना, की अमेरिकेत सरकारने डिप्रेशनचं अ‍ॅप पास केलंय, आता गोळ्या बंद करा, फोनच बरं करेल, तर ते अर्धंच खरं आहे. मार्च २०२४ मध्ये तिथल्या एफडीएने (औषधं-उपचारांना परवानगी देणारी सरकारी संस्था) 'रिजॉइन' नावाच्या अ‍ॅपला मंजुरी दिली हे खरं, पण ते गोळ्यांच्या ऐवजी नाही, गोळ्या चालू असलेल्या २२ वर्षांवरच्या पेशंटसाठी जोडीला, आणि तेही डॉक्टरच्या चिठ्ठीवरच. हे वाक्य मेसेजमधून बरोब्बर गाळलंय!

मेसेजमधला दुसरा दावा, "आपल्या चालण्यावरून फोन डिप्रेशन ओळखतो". पावलं, झोप, स्क्रीन यावरून अंदाज बांधतात खरं, पण अंदाजच. आमच्या रामबागेतल्या काकूंचा फोन दिवसभर फ्रिजवर पडलेला, पावलं ११२, आणि काकू तोवर राजवाड्यापर्यंत पायी जाऊन भाजी घेऊन आलेल्या, आता त्यांना डिप्रेशन म्हणायचं का?

अ‍ॅपमधली नऊ प्रश्नांची टेस्ट म्हणजे बहुतेक पीएचक्यू-९, डिप्रेशनचा अंदाज घ्यायची प्रश्नावली, मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, २७ पैकी १० किंवा जास्त आले तर डॉक्टरला दाखवा एवढाच अर्थ. रोजचा मूड लिहून डॉक्टरला दाखवायला मूड नोंदवायचं साधं अ‍ॅप मस्त आहे, मी स्वतः वापरतो, पण गोळ्या अचानक सोडल्या की चक्कर, झोप उडणं, आजार उलटणं, सगळं होऊ शकतं. कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट, २४ तास, मराठीतही बोलतात.