आडवी बाटली लॉस एंजेलिसमध्ये का चालली नसती: सातारकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सातारकर, नमस्कार.

लॉस एंजेलिसमधल्या गांजाच्या दुकानांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चांगलंच झापलं आहे. दोन ओळींत आभार मानून मोकळं होण्यासारखी तुमची प्रतिक्रिया नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सातारकरांचं म्हणणं असं: दुकानं वाढल्याचं खापर मी सिटी कौन्सिलवर, म्हणजे तिथल्या महापालिकेच्या सभागृहावर, फोडलं आणि विकणाऱ्यांना सोडून दिलं. 'औषधी गांजा' हे सगळं थोतांड आहे हे स्पष्ट लिहायला मी कचरलो. फूटपट्टी घेऊन शाळेपासूनचं अंतर मोजत बसण्यापेक्षा सरसकट बंदी घालायला हवी होती. आमच्याकडे खेड्यातल्या बायका आडवी बाटली करून दारूचं दुकान बंद पाडतात, एवढ्या श्रीमंत शहराला ते का जमू नये? आणि शेवटचा टोला, दुकान तुमच्या मुलांच्या शाळेजवळ उघडलं असतं तरी असंच लिहिलं असतंत का?

आडव्या बाटलीचा मुद्दा तुमच्या प्रतिक्रियेतला सगळ्यात चांगला, म्हणून आधी तोच घेतो. बायका सह्या गोळा करतात, सरकारी खातं त्या तपासतं, मतदान होतं आणि आडव्या बाटलीला पुरेशी मतं पडली की दुकान बंद करण्याचा हुकूम निघतो. हे चालतं, कारण त्या दुकानाला परवाना असतो. 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' अशी पाटी असते, खात्याच्या वहीत नोंद असते, आणि सरकारने दिलेलं सरकारला काढून घेता येतं. हातभट्टीवर कधी आडव्या बाटलीचं मतदान झालेलं ऐकलंय? तिथे त्याच बायकांना पोलीस ठाण्यावर मोर्चा न्यावा लागतो, नाहीतर स्वतः जाऊन मडकी फोडावी लागतात. लॉस एंजेलिसमध्ये २००५ नंतर दहा-बारा वर्षं जी दुकानं उगवली, ती सगळी रंगीत पाट्या लावलेल्या हातभट्ट्या होत्या. परवाना अशी चीजच शहराकडे नव्हती. रद्द काय करणार?

परवाना का नव्हता, ही खरी गोष्ट आहे. माझ्या लेखात ती तीन परिच्छेदांत आटोपली होती.

१९९६ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव २१५ मंजूर केला. डॉक्टरने शिफारस केली तर रुग्णाला आणि त्याची काळजी घेणाऱ्याला गांजा बाळगता येईल, लावता येईल, एवढंच त्यात होतं. दुकानाचा उल्लेखही नव्हता. आजारांच्या यादीत कर्करोग, एड्स, काचबिंदू वगैरे आणि शेवटी 'गांजाने आराम पडतो असा अन्य कोणताही आजार'. तुम्ही म्हणता ते थोतांड या शेपटातून आत शिरलं, यात मला शंका नाही. लॉस एंजेलिसमधल्या व्हेनिस भागात समुद्रकाठी हिरवे कोट घातलेली पोरं येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारून डॉक्टरकडे पिटाळायची. पाठ दुखते, झोप येत नाही, काहीही चालायचं. २००३ च्या कायद्याने रुग्णांना एकत्र येऊन लागवड करायची मुभा दिली आणि प्रत्येक दुकान रातोरात 'कलेक्टिव्ह', म्हणजे रुग्णांची सामूहिक संस्था, झालं. गिऱ्हाईक हा सभासद आणि किंमत ही देणगी.

पण सुरुवातीला नीट चालवणारेही होते. शेजारच्या वेस्ट हॉलिवूड शहरात रुग्णांना गांजा देणाऱ्या एका केंद्रात नऊशेहून अधिक रुग्ण होते, त्यांतले बहुसंख्य एड्सचे. ते चालवणारे स्कॉट इम्लर हे प्रस्ताव २१५ च्या मसुदाकारांपैकी एक. तिथल्या नगरपालिकेचा त्यांना उघड पाठिंबा होता. ऑक्टोबर २००१ मध्ये केंद्र सरकारच्या अमली पदार्थ खात्याने त्याच केंद्रावर छापा घातला. राज्याच्या कायद्यात काहीही असो, केंद्र सरकारच्या लेखी गांजा हेरॉइनच्या रांगेत होता. या छाप्यातून बाकीच्यांनी घ्यायचा तो धडा घेतला: कागदावर येऊ नका. पुढे दुकानदारीचा सुळसुळाट झाल्यावर इम्लर यांनीच तिच्यावर टीका केली.

कागदावर नसलेली ही दुकानं २००६ संपता संपता शंभराच्या घरात गेली. सप्टेंबर २००७ मध्ये कौन्सिलने नव्या दुकानांना तात्पुरती स्थगिती दिली आणि असलेल्यांना नोंदणीसाठी दोन महिने दिले. १८० हून अधिक दुकानांनी नोंद केली. इथवर ठीक होतं. पण स्थगितीत एक कलम होतं: ज्यांना तिच्यामुळे खास अडचण होईल त्यांनी सवलतीचा अर्ज करावा, कौन्सिल त्यावर निर्णय देईल. अर्ज आले, शेकड्यांनी आले, आणि कौन्सिलने जवळजवळ दोन वर्षं त्यांवर सुनावणीच घेतली नाही. अर्जाची पोच खिशात घालून लोकांनी गाळे भाड्याने घेतले, औषधी गांजाची खूण असलेले हिरवे क्रॉस टांगले आणि धंदा सुरू केला. पोलीस आले की पोच दाखवायची. २००९ मध्ये शहरात नक्की किती दुकानं आहेत हे शहरालाच सांगता येत नव्हतं; सहाशेपासून हजारापर्यंत अंदाज होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्यायालयाने सांगितलं की स्थगितीची मुदतवाढच बेकायदा आहे.

विकणाऱ्यांना मी सोडून दिलं, हा तुमचा आक्षेप मला इथे पटत नाही. फट दिसली की धंदेवाला आत शिरणार, ते गृहीत धरूनच कलम लिहायचं असतं. ज्यांनी ते लिहिलं आणि मग अर्जांचा गठ्ठा टेबलावर पडू दिला, त्यांना पगार याच कामाचा होता.

आता तुमची सरसकट बंदी. ती घातली गेली होती. तुमच्या प्रतिक्रियेवरून वाटतं की हा भाग तुमच्या नजरेतून सुटला.

२०१० मध्ये कौन्सिलने आधी मर्यादा घालून पाहिली. दुकानं ७०, शाळा-बागा-ग्रंथालयं-प्रार्थनास्थळं यांच्यापासून १,००० फूट दूर, आणि जुन्या नोंदणीवाल्यांना वेगळी वागणूक. चारशेहून अधिक दुकानांना बंद करण्याची पत्रं गेली. लगोलग दाव्यांची रांग लागली आणि डिसेंबरात न्यायाधीशांनी या नियमांमधली महत्त्वाची कलमं रोखली. मग ऑक्टोबर २०११ मध्ये शेजारच्या लाँग बीच शहराच्या खटल्यात अपिली न्यायालयाचा निकाल आला, आणि तो मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत विलक्षण वाटतो. न्यायालय म्हणालं, केंद्राच्या कायद्याने जे गुन्हा आहे त्याचे परवाने शहराला वाटता येणार नाहीत. 'इथे नको' म्हणा, हवं तर. 'इथे चालेल' म्हणू नका. लॉस एंजेलिसच्या वकिलांनी त्यातून एकच अर्थ काढला, आणि जुलै २०१२ मध्ये कौन्सिलने एकमताने दुकानांवर बंदी घातली. गंमत पाहा, मधल्या काळात, मार्च २०११ मध्ये, याच दुकानांच्या उलाढालीवर शहराने मतदारांकडून कर मंजूर करून घेतला होता. परवाना द्यायचा नाही, कर मात्र घ्यायचा.

बंदी किती टिकली? अडीच महिनेसुद्धा नाही. दुकानदार आणि तिथल्या कामगारांची युनियन यांनी सार्वमतासाठी सह्या जमवल्या. लागत होत्या २७ हजारांच्या वर, जमल्या ५० हजारांच्या आसपास. कौन्सिलर बिल रोझेंडाल, स्वतः कर्करोगाचे रुग्ण आणि स्वतः गांजा घेणारे, भर सभेत बंदीच्या विरोधात बोलले. ऑक्टोबरात कौन्सिलने स्वतःचीच बंदी मागे घेतली. आणि त्या काळात शटरं किती पडली असतील? नियम पाळायचं मनात असलेल्यांची थोडी. बाकीच्यांना बंदी आणि बिनबंदी यांत फरक पडायचं कारण नव्हतं, ती दुकानं कुठल्याच वहीत नव्हती.

लोकांना मत देऊ द्या, हेही तुम्ही सुचवलंत. लॉस एंजेलिसमध्ये ईगल रॉक नावाचा एक टुमदार भाग आहे, दुकानांनी गांजलेला. तिथे वस्ती समितीची निवडणूक होते. अधिकार फक्त सल्ल्याचे, आणि मतदार होण्यासाठी तिथे राहावंही लागत नसे, त्या भागाशी काही संबंध आहे एवढं सांगितलं की झालं. २०१२ च्या निवडणुकीत एका दुकानाने मत देऊन येणाऱ्यांना गांजाचं आमिष दाखवल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. तुमच्या गावातल्या मतदार यादीचं महत्त्व मला तेव्हा कळलं.

थोडं पुढे जातो. २१ मे २०१३ ला मतदारांनी प्रस्ताव डी मंजूर केला. त्यातही परवाना नाहीच. २००७ च्या स्थगितीआधीपासूनची साधारण १३५ दुकानं, ठराविक अंतरं पाळली, कर भरला, तर त्यांच्यावर खटला भरणार नाही, एवढीच हमी. बाकीच्यांना बंद करण्यासाठी शहराच्या सरकारी वकिलाने, म्हणजे सिटी अ‍ॅटर्नीने दुकानदाराऐवजी गाळ्याच्या मालकाला धरायला सुरुवात केली, आणि शेकडो दुकानं बंद झाली ती त्याने. जमीनमालक पळून जाऊ शकत नाही. झोनिंगचं, म्हणजे कोणत्या जागेत काय चालेल हे ठरवणाऱ्या नियमांचं, बळ इथे आहे, सातारकर. माणूस नाव बदलतो, कंपनी बदलतो, गाळा तिथेच राहतो.

फूटपट्टीची तुम्ही थट्टा केलीत. काही अंशी ती रास्त आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून ५०० मीटरांत दारूविक्री नको म्हटल्यावर काय झालं ते आठवा. कुठे शहरातले महामार्गच पालिकांकडे वर्ग करण्याची खटपट झाली, केरळात एका बारने दारापर्यंत वळणावळणांची वाट बांधून चालण्याचं अंतर वाढवलं. लॉस एंजेलिसमध्ये अंतर सरळ रेषेत मोजतात, त्यामुळे ही चलाखी जमत नाही. पण तिथला तोटा वेगळा. शाळा, बागा, चर्च सगळ्यांभोवती मोठी वर्तुळं काढली की नकाशावर उरतात ते गोदामांचे आणि वर्दळीच्या रस्त्यांचे पट्टे, आणि त्यांना लागून राहणारी माणसं बहुधा गरीब असतात. उरलेल्या गाळ्यांची भाडी आभाळाला भिडतात. म्हणजे १,००० फुटांचा नियम ऐकायला कडक, पण तो दुकानं कमी करत नाही, ती कोणाच्या दारात जातील ते ठरवतो. आज अंतर ७०० फूट आहे आणि ते दोन दुकानांमध्येही ठेवावं लागतं. माझ्या मते या नियमाचा तोच भाग सगळ्यात शहाणा आहे, कारण एका रस्त्यावर चार दुकानं ओळीने लागायची ते त्याने थांबतं.

दुकान हटवलं की गुन्हेही हटतात, असं तुम्ही ठामपणे लिहिलंत, म्हणून जरा सावध करतो. २०११ मध्ये रँड या अमेरिकी संशोधन संस्थेने एक अभ्यास काढला: लॉस एंजेलिसमधली दुकानं बंद झाल्यावर आसपास गुन्हे वाढले. महिन्याभरात तो मागे घ्यावा लागला, कारण वापरलेल्या माहितीत शहराच्या पोलीस खात्याचे आकडेच नव्हते. बंदीविरोधक अजूनही तो उद्धृत करतात, करू नये. पण २०१७ मध्ये टॉम चँग आणि मिरेल जेकबसन या अर्थतज्ज्ञांनी २०१० च्या बंद मोहिमेचा नव्याने अभ्यास केला आणि निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला: लगतच्या परिसरात चोऱ्या, विशेषतः गाड्यांमधल्या, थोड्या काळापुरत्या वाढल्या. उघडं दुकान म्हणजे रस्त्यावर माणसं आणि दारावर रखवालदार, एवढंच बहुधा त्याचं कारण. त्यावरून गांजा चांगला ठरत नाही. दुकान हटवलं की गुन्हेही हटतात, हे मात्र सिद्ध होत नाही.

छोट्या शहरांनी बंदी घालावी का? जरूर. मे २०१३ मध्येच रिव्हरसाइड शहराच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क मान्य केला आहे आणि लॉस एंजेलिसच्या आसपासची बरीच शहरं तो वापरतात. तिथले लोक गाडी काढून लॉस एंजेलिसला येतात. चाळीस लाखांच्या आसपास वस्तीच्या शहराला मात्र असं दुसरीकडे पाठवायला कोणी नाही.

राहिला शाळेचा प्रश्न. आमच्या घराजवळ, मुलीच्या बसथांब्यासमोर, काळ्या काचांचं एक बिनपरवान्याचं दुकान होतं. मी तक्रार केली, ते बंद झालं, काही आठवड्यांनी त्याच गाळ्यात नव्या नावाने उघडलं. पुन्हा तक्रार, पुन्हा तेच. तेव्हा तक्रार करण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं. पुढे राज्याचा कायदा बदलला आणि २०१८ पासून खऱ्याखुऱ्या परवान्याची दुकानं आली. रात्री दहाला बंद, ऐन दाराशी ओळखपत्राची तपासणी, नाव-पत्ता शहराच्या नकाशावर. बिनपरवान्याची संपली असं मुळीच नाही. कर चुकवून ती स्वस्त विकतात, आणि त्यांचं पाणी-वीज तोडण्यापर्यंत शहराला जावं लागलं. पण निदान कोणतं कुठलं हे मला दारावरच्या कागदावरून कळतं.

आणि मी दुकानांच्या बाजूचा आहे अशी तुमची समजूत झालीच असेल, तर हे सांगून ठेवतो. आमच्या भागात दर दहा हजार लोकांमागे एक दुकान हा कोटा भरला आहे, त्यामुळे नव्या दुकानाला कौन्सिलची खास संमती लागते. तशी मागणारा अर्ज आला आहे. तो नामंजूर करा, असं मी लेखी दिलं आहे, आणि सुनावणीला जाणार आहे.