मोठ्या बायकांचा पिनाफोर: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार बाई,

मुलींच्या शाळेत बरीच वर्षं शिवण शिकवलंत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून बाईच म्हणते.

मोठ्या बायकांच्या पिनाफोरवर मी जे लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पिनाफोर, म्हणजे शर्टावरून घालायचा बिनबाह्यांचा झगा, हा शाळकरी मुलींचा पोशाख, चाळिशीतल्या बाईने घातला की गणवेश चढवल्यासारखा दिसतो, तेच कटिंग डेनिम, कॉर्डरॉय, मलमल आणि खण अशा कापडांत शिवून दाखवण्यात नवं काही नाही, आणि खण चोळीचा, त्याचा झगा करू नये. तिन्ही मुद्दे मला मान्य नाहीत. का, ते कात्री-टेपच्या भाषेतच सांगते, म्हणजे तुम्हाला खोडायलाही सोपं जाईल.

गणवेश गणवेशासारखा दिसतो तो कटिंगमुळे. दहा वर्षांच्या मुलीच्या छाती-कमरेत फारसा फरक नसतो. म्हणून पुढचा भाग सपाट कापतात, टक्स (आकारासाठी शिवलेल्या चिमट्या) घेत नाहीत, घेर बॉक्स प्लेटांतून काढतात आणि कमरेला पट्टा लावतात. कापड टेरीकॉट, कारण रोज धुऊन रोज घालायचं. हेच कटिंग नुसतं मोठं करून बाईच्या अंगावर चढवलं, की छातीवर ताणतं, काखेत चुरतं, पुढून वर उचललं जातं आणि प्लेटा पोटाशी फाकतात. तुम्हाला जे खटकतं ते हेच, आणि ते मलाही बघवत नाही. पण त्यावर उपाय पिनाफोर सोडून देणं हा नाही. बाईच्या अंगासाठी तो पहिल्यापासून वेगळा कापावा लागतो.

मी माप काखेखालून घेतलेल्या वरच्या छातीवरून धरते, भरलेल्या छातीवरून नाही. समजा वरची छाती 36 आणि भरलेली 40. नुसते 40 धरून कापलं तर खांदा आणि गळा दोन्ही मोठे होतात आणि खांद्याचे पट्टे दिवसभर घसरतात. म्हणून खांदा, गळा, मुंढा (बाहीसाठीचा काखेचा काप) 36च्या हिशेबाने ठेवायचे आणि जागा फक्त छातीशी वाढवायची. तयार पॅटर्नमध्ये या दोन मापांत बहुधा 2 इंचांचा फरक धरलेला असतो. इथे तो 4 आहे. म्हणजे 2 इंच कमी पडतात, पुढच्या प्रत्येक अर्ध्या भागाला 1 इंच. कागदावर मुंढ्यापासून छातीच्या टोकापर्यंत, तिथून खाली घेरापर्यंत आणि बाजूच्या टकच्या रेषेत चिरा द्यायच्या आणि तेवढा भाग उघडायचा. टक आपोआप रुंद होतो. तो टोकाच्या 1 इंच अलीकडे संपवायचा. आतून शर्ट घालायचा असतो, म्हणून छातीला 3 ते 4 इंच सैल आणि मुंढा ब्लाउजपेक्षा इंचभर खाली. एवढं केलं की कुणालाही शाळेची आठवण येत नाही.

घेर मी ए-लाइनच, म्हणजे वरून खाली पसरत जाणारा ठेवते. पुण्यात कितीतरी बायका दुचाकीवर कामाला जातात. सरळ स्कर्ट गाडीवर बसताना अडतो, कुर्त्याच्या फटी वाऱ्याने उडतात. ए-लाइन गुडघ्याखाली नीट पसरतो, आणि बाजूच्या शिलाईत खोल खिसे बसतात. शिवाय डिसेंबरात सकाळी 11-12 अंश आणि दुपारी 30 अशी तऱ्हा. आतला जाड टी-शर्ट बदलून पातळ शर्ट घातला की काम झालं.

आता कापडांबद्दल. कटिंग एक असलं तरी शिवण एक नसते, हेच मला दाखवायचं होतं. डेनिम आधी धुऊन घ्यायचं, 16 नंबरची सुई, अस्तर नाही, आणि गळ्याची आतली पट्टी पातळ सुती कापडाची, नाहीतर गळा पुठ्ठ्यासारखा उभा राहतो. जुलैत मात्र ते दोन-दोन दिवस वाळत नाही, त्यामुळे पावसाळ्यासाठी मी ते सुचवणारच नाही. कॉर्डरॉयला लव असते. सगळे भाग एकाच दिशेने मांडले नाहीत तर पुढचा-मागचा रंग वेगळा दिसतो, आणि इस्त्री नेहमी उलट्या बाजूने, खाली टॉवेल घालून. मलमलीचा गळा कापल्याबरोबर काठालगत एक साधी टीप मारावी लागते. हाताळताना तो इतका ताणला जातो की नंतर काही करता येत नाही. वरचा भाग दुहेरी, खालचा एकेरी. मापाचा अंदाज द्यायचा तर 58 इंची पन्ह्यात पावणेदोन मीटर, 44 इंचीत अडीच.

खणाचा मुद्दा मला सर्वांत जवळचा. चोळी खणाची हे खरं, पण आपल्या आया-आज्यांनी मुलींची परकर-पोलकीही खणाचीच शिवली. म्हणजे अख्खं अंग झाकणारा कपडा या कापडाला परका नाही. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या मागावर विणलेला खण फक्त चोळीपुरता ठेवला, तर चोळी शिवणाऱ्या बायकाच कमी होत चालल्या असताना विणकराने काय विणायचं? अपमान कापडाचा कधी होतो, तर ते बेपर्वाईने कापलं की. खणाचा पन्हा अरुंद, म्हणून चुण्यांचा घेर काढत नाही, कळ्या (वर निमुळत्या, खाली रुंद पट्ट्या) कापते. कडा फार सुटतात, म्हणून पाऊण इंच माया (शिलाईबाहेर सोडलेलं कापड) आणि टीप मारण्याआधी इंटरलॉक. बुट्टीला दिशा असेल तर प्रत्येक कळी त्याच दिशेने. आणि अस्तर सुती कॅम्ब्रिकचं, रात्रभर पाण्यात भिजवून आटवलेलं; नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आत आखडतं आणि खण बाहेर फुगतो. कॅम्ब्रिक आणि दोरे रविवार पेठेत कापडगंजाच्या बाजूला सहज मिळतात.

तुम्हाला एक विचारायचंय. उतरत्या खांद्याच्या बाईसाठी मी मागचे पट्टे अर्धा इंच मध्याकडे घेते, त्याने ते घसरत नाहीत. पण पाठ रुंद असेल तर काखेमागे चुणी पडते. ब्लाउज शिकवताना तुम्ही ही चुणी मुंढ्यात काढत होतात की खांद्याच्या उतारात? सवडीने जरूर लिहा.