बाटलीचा व्हिडिओ आणि पुढची दहा वर्षं

नैरोबीच्या हत्तीच्या पिल्लांचा तो व्हिडिओ परत फिरतोय. मोठी बाटली, हिरव्या कोटातला माणूस, घटाघटा दूध पिणारं पिल्लू आणि खाली 'माणुसकी जिवंत आहे' वगैरे. जरूर बघा. पण नैरोबीत ही अनाथ पिल्लं वाढवणाऱ्या शेल्ड्रिक वाइल्डलाइफ ट्रस्टची माणसं मला मोठी वाटतात ती पिल्लं वाचवतात म्हणून नाही, वाचवलेली सोडून देतात म्हणून.

डेव्हिड शेल्ड्रिक केनियातल्या त्सावो ईस्ट राष्ट्रीय उद्यानाचे पहिले वॉर्डन. 1977 मध्ये ते गेले आणि पत्नी डॅफ्नी यांनी त्यांच्या नावाने ही संस्था काढली. तान्ह्या हत्तीला गाईच्या दुधातली चरबी पचत नाही. वर्षानुवर्षं खटपट केल्यावर डॅफ्नींना उत्तर सापडलं ते खोबरेल तेल घातलेल्या दुधात. (कोकणी माणसाला यात नवल वाटू नये!)

दूध जमलं, तरी भागलं नाही. मुलीच्या लग्नासाठी डॅफ्नी काही दिवस बाहेर गेल्या, तर त्यांच्याच हातावर वाढलेल्या आयशा या पिल्लाने खाणंपिणं टाकलं आणि ते गेलं. तेव्हापासून एका पिल्लाला एकच माणूस द्यायचा नाही असं ठरलं. रात्री राखणदार पिल्लाच्या खोलीतच झोपतो, दर तीन तासांनी दूध पाजतो. उशीर झाला की पिल्लू सोंडेने त्याचं पांघरूण ओढतं. पण आज हा, तर उद्या दुसरा. जीव तर लावायचा, आणि आपल्यावाचून त्याचं अडणार नाही हेही बघायचं. आपल्याला पोरांना शिकायला परगावी पाठवताना हे जमत नाही.

नैरोबीनंतर पिल्लं जातात इथुंबा, वोई किंवा उमानी स्प्रिंग्ज या संस्थेच्या रानातल्या केंद्रांत. तिथे दिवसा रानात भटकायचं, रात्री मुक्कामाला परत. हळूहळू रानातल्या कळपांशी ओळखी होतात. कायमचं कधी जायचं ते हत्ती ठरवतो, आणि त्यात वर्षंच्या वर्षं जातात. इथुंबाच्या यट्टा या हत्तिणीला 2012 मध्ये रानात पिल्लू झालं, येटू. ते दाखवायला ती राखणदारांकडे आली होती!

एका पिल्लावर एवढा खर्च कशाला, असं विचारणारे असतात. त्यांना मी वेड्यात काढणार नाही. 2022 च्या दुष्काळात फेब्रुवारी ते ऑक्टोबर या काळात केनियात 205 हत्ती मेले. तिथे बाटल्या कुठवर पुरणार? म्हणूनच संस्थेची बिनचेहऱ्याची कामं मला जास्त मोलाची वाटतात. केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिसबरोबर फिरणारे पशुवैद्य, वरून नजर ठेवणारी विमानं, आणि झुडपाझुडपांत वाकून तारेचे फास शोधणारी पथकं. फास लावलेला असतो मांसासाठी, हरणाबिरणाला. अडकतो हत्तीचा पाय किंवा पिल्लाची सोंड. ती तार मांसात रुतत जाते. फास काढणाऱ्याचा व्हिडिओ कोण फॉरवर्ड करणार? त्यात गोंडस काही नसतं.

आणि हे आफ्रिकेतलंच दुखणं आहे असंही नाही. आपल्या कोकणात रानडुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकल्याची बातमी येतच असते. खाली दोन-तीनशे कमेंटी, निम्म्या वन खात्याला शिव्या. फासकी कुणाच्या बागेच्या कडेला होती, ती लावणारा कोण, हे गावात बहुतेकांना ठाऊक असतं. त्यावर मात्र एकही कमेंट नसते.