‘भारओएस शिका, चांदी करा’ : भाच्याला पाठवलेलं लांबलचक उत्तर

परवा रात्री भाच्याने एक फॉरवर्ड पाठवला. खाली प्रश्न : “मामा, कोटलिन अर्धवट सोडून हे शिकू का?” पोरगा कोल्हापुरात बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, कोटलिन ही अँड्रॉइडची ॲप्स लिहायची भाषा शिकतोय. फॉरवर्ड जुनाच, जानेवारी २०२३ पासून अधूनमधून उगवतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा : आयआयटी मद्रासने ‘भारओएस’ ही मोबाईल चालवणारी प्रणाली (ओएस) शून्यापासून बनवली, १०० कोटी भारतीय आता तीच वापरणार, अँड्रॉइडची सगळी ॲप्स तिच्यावर चालतात, गुगलचं ३० टक्के कमिशन वाचणार, चीनला जमलं ते आपल्यालाही जमणार, आणि जो डेव्हलपर आज शिकेल त्याची चांदी. या वेळी खाली एका क्लासची फीसुद्धा छापलेली होती, म्हणून एवढं लिहायला बसलो.

‘शून्यापासून’ हे तर सरळ खोटं. भारओएस अँड्रॉइडच्याच खुल्या कोडवर, म्हणजे एओएसपीवर उभी आहे आणि त्याच्या तळाशी लिनक्स, तीही खुलीच प्रणाली. खुला कोड घ्यायचा, त्यातलं गुगल काढायचं, आपल्याला हवं ते घालायचं, यात कमीपणा काहीच नाही. तो कोड त्यासाठीच खुला ठेवलेला असतो. पण मग क्लासवाले वेगळं काय शिकवणार? भाषा तीच, ॲप बांधायचा अँड्रॉइड स्टुडिओ तोच, आणि एपीके, म्हणजे फोनवर चढवायची ॲपची फाईल, तीही तीच.

१०० कोटींचा आकडा हवेतून आलेला नाही, फक्त वाटेत त्याचं क्रियापद बदललं. १९ जानेवारी २०२३ ला घोषणा झाली तेव्हा शब्द होते ते देशातल्या १०० कोटी मोबाईलधारकांना फायदा ‘होऊ शकेल’ असे. त्याच घोषणेत हेही होतं की सध्या ही सेवा गोपनीयतेचे कडक नियम असलेल्या, संवेदनशील माहिती हाताळणाऱ्या संस्थांना दिली जाते. अशा फोनवर कोणती ॲप्स येतील ते ती संस्था आपल्या खासगी ॲप स्टोअरमधून ठरवते. म्हणजे तू घरी बसून ॲप लिहिलंस, तरी ते ठेवायला चौकात दुकान नाही. संस्थेचं दार वाजवावं लागेल. तो धंदा वाईट नाही, पण तो टेंडरचा धंदा आहे.

‘अँड्रॉइडची सगळी ॲप्स चालतात’ हे वाक्य मात्र खरंखोटं असं एकत्र कालवलेलं आहे, आणि डेव्हलपरचा जीव त्यातच अडकलेला असतो. भारओएसचा फोन दुकानात मिळत नाही, म्हणून मी एका जुन्या फोनवर गुगलविना कोरं एओएसपी टाकलं आणि आमचं दूध संकलनाचं ॲप त्यावर चढवलं. गवळ्याने डेअरीला दूध घातलं की लिटर, फॅट, एसएनएफ आणि रक्कम त्याच्या फोनवर जाते, एवढंच त्याचं काम. ॲप झटकन उघडलं, लॉगिन झालं, मी खूश. सकाळी सहाला दूध घातलं, फोन गप्प. संध्याकाळचंही घातलं, गप्पच. रात्री ॲप उघडल्यावर दोन्ही वेळच्या पावत्या आत मुकाट्याने बसलेल्या. कारण साधं आहे. नोटिफिकेशन पोचवणारा निरोप्या गुगलच्याच फायरबेस या सेवेचा, आणि तो फोनमधल्या गुगल प्ले सर्व्हिसेसच्या, म्हणजे मागे गुपचूप चालणाऱ्या गुगलच्या सेवांच्या, दारातून आत येतो. दारच नाही, तर निरोप्या येणार कुठून?

आमच्या ॲपचा पुढचा स्क्रीन टँकरच्या मार्गाचा. तिथे नकाशाऐवजी ‘गुगल प्ले सर्व्हिसेसशिवाय चालणार नाही’ अशी पाटी. मग दहा दिवसांचं बिल जमा झालं का बघायला बँकेचं ॲप उघडलं, तर त्याने उंबरठ्यावरूनच परत पाठवलं. फोन अस्सल आहे, याची खात्री अशी ॲप्स बहुधा गुगलकडूनच करून घेतात. एपीके चालते, माणसाचं काम अडतं. ज्याला संध्याकाळी यूपीआयने पेंडीचे पैसे द्यायचेत, त्याला या फोनचं स्वदेशीपण काय कामाचं?

कमिशनचं म्हणाल तर १ जुलै २०२१ पासून वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलर कमाईवर प्ले स्टोअर १५ टक्केच घेऊ लागलं, आणि तेही डिजिटल माल विकला तर. आमच्या दुधाच्या ॲपने आजवर नोंदणीचे २५ डॉलर भरले, तेवढेच. गुगलच्या दादागिरीची तक्रार खोटी आहे असं मी म्हणत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने दोन आदेशांत १,३३७.७६ आणि ९३६.४४ कोटींचा दंड लावला होता. गंमत म्हणजे भारओएसची घोषणा झाली त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने यातल्या पहिल्या आदेशाला स्थगिती नाकारली, आणि आठवड्याच्या आत गुगलने भारतासाठीचे आपले नियम सैल करायची तयारी दाखवली. डेव्हलपरच्या पदरात जे पडलं ते कोर्टाच्या पायरीवर पडलं.

चीनची तुलना तर मला नेहमीच अर्धी वाटते. ह्वावे या चिनी कंपनीने हार्मनी ही स्वतःची प्रणाली आणली ती मे २०१९ च्या अमेरिकी निर्बंधांनी गळा धरल्यावर. ऑक्टोबर २०२४ च्या आवृत्तीत त्यांनी अँड्रॉइडची एपीके चालवणंही सोडलं. पण ह्वावे फोन स्वतः बनवते, स्वतः विकते. शिवाय चीनमध्ये प्ले स्टोअर आधीपासूनच नव्हतं, त्यामुळे तिथल्या ॲप्सना गुगलविना जगायची सवय होती. आपल्याकडे ती सवयच नाही.

राहिली चांदी. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतात १,९९९ रुपयांचा फायरफॉक्स ओएसचा, म्हणजे मोझिलाच्या प्रणालीचा, फोन आला, तेव्हाही असेच संदेश फिरत होते. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने फोनचा नाद सोडला. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनसाठी मी स्वतः रात्री जागवल्यात. तिथे त्याचं काम पाहिलेले वरिष्ठ अधिकारी जो बेल्फिओरे यांनी २०१७ मध्ये कबूल केलं की डेव्हलपरना पैसे दिले, काहींची ॲप्सही लिहून दिली, पण वापरणारेच फार थोडे. मायक्रोसॉफ्टच्या तिजोरीने जे जमलं नाही ते एका क्लासच्या प्रमाणपत्राने जमेल? उलट उदाहरण जिओफोनचं : त्यावरची कायओएस ही त्याच फायरफॉक्स ओएसची नात, पण २०१७ मध्ये आधी १,५०० रुपये अनामतीत फोन हातात गेला आणि व्हॉट्सॲप त्यावर २०१८ मध्ये आलं. मुंबईच्या आयआयटीतून शिकलेल्या पोरांनी इंडस ओएस काढली होती, मायक्रोमॅक्सच्या फोनांवर ती चांगली चाललीही. आज त्यातलं जे तगलं ते ॲप स्टोअर, तेही फोनपेच्या घरात.

तेव्हा भाचेबुवा, फी भरू नकोस. कोटलिन पुरं कर. आमच्या पावत्या आता एसएमएसनेही जातात, ते काम मागच्या आठवड्यात उरकलं. नकाशा तेवढा राहिलाय. गुगल काढून तिथे ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा बसवायचाय. तो जुना फोन टेबलावर ठेवलाय, सुट्टीत आलास की घे हातात.