रिकामी घरे रिकामी कशी ठेवावीत

परगावाहून आलेल्या मजुरांना परवडतील अशी भाड्याची घरे देण्याचे धोरण आखण्याची जबाबदारी आपल्यावर येऊन पडली असेल, तर घाबरून जाऊ नये. या कामात अपयश आले म्हणून आजवर कोणाची बढती थांबल्याचे ऐकिवात नाही. शहराला मजूर सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत हवा असतो. उरलेले तेरा तास तो कोठे असतो हे शहराच्या नजरेस पडू नये, एवढेच आपल्याकडून अपेक्षित आहे.

सगळे कसब जागा निवडण्यात आहे. 1920 च्या दशकात मुंबई सरकारने वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग येथे बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी बांधल्या. 160 चौरस फुटांच्या त्या खोल्या कामगाराला भोंगा ऐकून चालत गिरणीत पोहोचता येईल इतक्या जवळ होत्या. ही चूक आपण करू नये. माप मात्र तेच ठेवावे, कारण त्याला परंपरा आहे. 2008 मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने भाड्याच्या घरांची योजना आणली, तेव्हाही खोलीचे माप 160 चौरस फूटच निघाले. सुमारे नव्वद वर्षांत मजुराची उंची वाढलेली नाही, असा निष्कर्ष कोणीतरी काढला असावा. पुढे पनवेलजवळच्या कोन येथे त्यांतल्या दोन-दोन खोल्यांचे मिळून एक घर करून ती मालकी हक्काने सोडतीत काढण्यात आली. भाड्याच्या घराला भाडेकरू मिळण्यापूर्वीच मालक मिळवून देणे, ही या क्षेत्रातील सर्वोच्च सिद्धी समजावी.

नवी घरे बांधायचा कंटाळा असेल तर 2020 चा कित्ता गिरवावा. त्या वर्षी 24 मार्चच्या रात्री आठ वाजता जाहीर झालेली टाळेबंदी मध्यरात्री लागू झाली आणि पुढच्या काही दिवसांत शहराला प्रथमच कळले की आपल्याकडे एवढी माणसे राहत होती, कारण ती सगळी एकदम रस्त्याने चालत निघाली. मे महिन्यात मजुरांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांच्या केंद्रीय योजनेची घोषणा झाली, 8 जुलैला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरीही मिळाली. आधीच्या योजनांतून बांधलेली आणि रिकामी पडलेली एक लाखाहून अधिक सरकारी घरे हिशेबात धरण्यात आली. ती दुरुस्त करून 25 वर्षे चालवण्यासाठी खासगी चालकाकडे किंवा सरकारी संस्थेकडे द्यायची आणि त्यांत मजुरांना भाड्याने ठेवायचे, अशी ती कल्पना होती.

ही घरे मुळात रिकामी का राहिली, हा प्रश्न बैठकीत कोणी काढलाच तर चहा मागवावा. त्यांतली बरीचशी शहराच्या कडेला आहेत, बस नाही, पाण्याचा भरवसा नाही, कामाच्या ठिकाणी जाण्यायेण्यातच रोजाचा लचका तुटतो. म्हणूनच ज्या गरिबांना ती मालकीने मिळत होती त्यांनीसुद्धा ती घेतली नाहीत. जे घर फुकटच्या भावात कोणाला नको, ते त्याहून गरीब माणसाला भाड्याने हवेच असेल, यावर आपली अढळ श्रद्धा असली पाहिजे. पुढे चंदीगडची 2,195 आणि सुरतची 393 धरून देशभरात साडेपाच हजारांच्या आसपास घरे मजुरांसाठी तयार झाली. उरलेली आपल्यासारख्या होतकरू धोरणकर्त्यांसाठी राखून ठेवलेली आहेत.

मजूर आज कसा राहतो हे पाहायला जाऊ नये, त्याने आराखडा बिघडतो. भिवंडीतल्या यंत्रमागांच्या गल्लीत दहा बाय दहाच्या खोलीत बारा जण राहतात, पण एकाच वेळी नाही. दिवसपाळीचे सहा उठले की त्यांच्या ऊब न गेलेल्या वळकट्यांवर रातपाळीचे सहा आडवे होतात. भिंतीला खिळ्यांची रांग आणि प्रत्येक खिळ्याला एक पिशवी, तिच्यात साबण, एक बरा शर्ट आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले आधार कार्ड. जेवण बिशीत, म्हणजे मजुरांच्या खानावळीत, महिन्याच्या खात्यावर. खिळा ज्याचा, त्याला घर आहे असे मानण्याचा तेथे रिवाज आहे. 2020 च्या त्या योजनेत मात्र सामायिक खोलीतल्या एका खाटेमागे दहा चौरस मीटरपर्यंत जागा धरलेली होती, म्हणजे भिवंडीतल्या बारा जणांच्या अख्ख्या खोलीपेक्षा किंचित जास्तच. कागदावर औदार्य दाखवताना हात आखडता घेऊ नये. कागदाला भाडे पडत नाही.

अनामत, पोलीस पडताळणी आणि अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार या तीन अटी घालाव्यात म्हणजे वेगळे कुंपण घालावे लागत नाही. नाक्यावर रोज उभा राहणारा माणूस दोन महिन्यांचे भाडे आगाऊ कोठून आणणार, ही शंका घेणाऱ्यास तो काम सोडून दोन महिन्यांत गावी जातो ही माहिती द्यावी, आणि अकरा महिन्यांची अट मग कशासाठी, असे त्याने विचारण्यापूर्वी पुढचा विषय घ्यावा. पावती ही चीज तर टाळावीच. 29 मार्च 2020 रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने मजुरांकडून एक महिना भाडे मागू नये असा आदेश काढला होता. पावतीच नसल्यामुळे तो पाळला गेला की मोडला, हे सिद्ध करण्याचा त्रास कोणालाच झाला नाही.

एखादा जुना कामगार पुढारी 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याची आठवण काढील आणि त्यात मजुरांना योग्य निवारा देण्याची जबाबदारी ठेकेदारावर टाकली होती, असे सांगेल. त्याला नम्रपणे सांगावे की तो कायदा कामगारांच्या सुरक्षा व आरोग्याविषयीच्या 2020 च्या संहितेत विलीन झाला आहे. ठेकेदाराला त्यामुळे वेगळे काही करावे लागत नाही, तो पूर्वीही पत्र्याच्या शेडवर विटा ठेवूनच वाऱ्याचा बंदोबस्त करीत असे.

उद्घाटनाच्या दिवशी छायाचित्रासाठी भाडेकरू लागतील. त्याची चिंता नको. शेजारच्या बांधकामावरच्या मुकादमाला आदल्या दिवशी निरोप धाडला की तो वीस माणसे टेम्पोत घालून पाठवतो. त्यांच्या हाती किल्ल्या द्याव्यात, टाळ्या वाजल्या की परत घ्याव्यात आणि टेम्पो दुपारच्या आत सोडावा, कारण अर्ध्या दिवसाचा खाडा मुकादम त्यांच्याच रोजातून कापतो.