मोटर, नशीब, डोपिंग: हेशेडालबद्दल फिरणाऱ्या आरोपांपैकी खरा एकच आहे

तो व्हिडिओ परत फिरायला लागलाय. उतारावरच्या वळणावर एक सायकलस्वार पडतो, घसरत जातो, पाय पेडलमधून सुटतो आणि आडवी पडलेली सायकल आपली आपणच रस्त्यावर गोल फिरायला लागते. खालचा मजकूर साधारण असा, "हा कॅनडाचा रायडर हेशेडाल. सायकलमध्ये मोटर होती, रंगेहाथ सापडला. २०१२ चा जिरो पण असाच जिंकला, समोर मोठं कोणी नव्हतंच, एक स्टेजसुद्धा जिंकली नाही. आधी ना नंतर काही केलं नाही. मग डोपिंग पण कबूल केलं. कॅनडाचं सायकलिंग एवढंच."

पाच-सहा आरोप एका दमात. त्यातला एक खरा आहे आणि तो लहान नाही, आणि नेमकं म्हणूनच मला बाकीचे जास्त खटकतात, कारण त्या एका खऱ्याच्या आधारावर उरलेले सगळे खपून जातात आणि कोणी तपासायला जात नाही. म्हणून एकेक घेऊन बघू.

आधी मोटर, कारण व्हिडिओ त्याचाच आहे. ही घटना २०१४ च्या व्हुएल्टामधली, म्हणजे स्पेनच्या तीन आठवड्यांच्या रेसमधली, सातवी स्टेज, म्हणजे सातव्या दिवसाचा टप्पा. जिरो, म्हणजे इटलीची तशीच रेस, जिंकून तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती हे पहिलं लक्षात घ्या. आता सायकल का फिरली? रोड सायकलचं मागचं चाक पेडल थांबवलं तरी फिरत राहतं, फ्रीव्हीलचं कामच ते. समजा ताशी ४५ किलोमीटरचा वेग आहे, चाकाचा घेर साधारण २.१ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला जवळजवळ सहा वेळा फिरतंय. पडल्यावर चाक जमिनीपासून उचललं गेलं तर ते लगेच थांबत नाही, आणि सायकलला धरून ठेवणारा पाय पेडलमधून सुटला, टायर परत डांबराला टेकला, की चाकात उरलेला सगळा जोर सायकलला ढकलतो, आणि हँडल किंवा पेडल रस्त्यावर टेकलेलं असल्यामुळे ती सरळ न जाता त्याच्याभोवती फिरते. त्यात उतार. खात्री करायची असेल तर घरी मागचं चाक उचलून हाताने पेडल जोरात फिरवा आणि सायकल अलगद आडवी ठेवून सोडून द्या, बघा काय होतं, फक्त बोटं लांब ठेवा.

शिवाय तेव्हा बाजारात मिळणाऱ्या छुप्या मोटर कशा असायच्या ते पण बघायला हवं. मोटर सीट ट्यूबच्या, म्हणजे सीटखालच्या नळीच्या आत, आणि ती फिरवते क्रँकचा अ‍ॅक्सल, म्हणजे पेडल फिरणार, मग चेन, मग चाक. अशी मोटर चालू असती तर क्रँक फिरायला हवा होता. आणि उतारावर, वळणात, जिथे रायडर पेडल मारणं सोडून नुसता ब्रेक आणि बॅलन्स सांभाळत असतो तिथे मोटर चालू ठेवून मिळणार काय? बॅटरीसकट पावणेदोन-दोन किलोचं वजन अख्ख्या डोंगरावर वाहून न्यायचं आणि चालू करायची ती उतारावर, याला काही अर्थ लागतो का.

त्याच व्हुएल्टात बोंबाबोंब झाल्यावर सायकलिंगची जागतिक संघटना यूसीआयने त्याच्या टीमच्या, म्हणजे गार्मिनच्या सायकली तपासल्या आणि काही सापडलं नाही. यावर लोक म्हणतात की तोपर्यंत सायकल बदलली असेल. ठीक आहे, हा प्रश्न विचारता येतो, पण असं झालं असेल आणि असं झालं यात फरक आहे ना राव, आणि "रंगेहाथ सापडला" हे तर सरळसरळ खोटं आहे. मोटरसकट खरोखर पकडली गेली ती बेल्जियमची फेमके व्हॅन डेन ड्रीशे, जानेवारी २०१६, झोल्डरची सायक्लोक्रॉस वर्ल्ड चॅम्पियनशिप, आणि तिला सहा वर्षांची बंदी लागली. पकडलं जाणं असं दिसतं. हेशेडालने तर पडल्यानंतर आठ दिवसांनी, त्याच रेसमध्ये, ला कांपेरोनाच्या भयानक चढावर अगदी शेवटच्या टप्प्यात ऑलिव्हर झाउगला गाठून चौदावी स्टेज जिंकली, आणि तेव्हा तर सगळ्यांचं लक्ष त्याच्या सायकलवरच होतं.

आता जिरो. इथे जरा थांबतो कारण मी बघितलेल्या रेसेसमध्ये २०१२ चा जिरो फार वरचा आहे, आणि त्याला कोणी फ्लूक म्हटलं की मला ते सहन होत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इटलीची तीन आठवड्यांची रेस, २१ स्टेज, सगळ्या दिवसांची वेळ मिळवून ज्याची सर्वात कमी तो विजेता, आणि आघाडीवर असणाऱ्याला गुलाबी जर्सी.

"समोर कोणी नव्हतं." समोर होआकिम रॉड्रिगेझ होता. त्या वर्षी एप्रिलमध्ये फ्लेश वालोन ही एक दिवसाची मोठी रेस जिंकून आलेला, वर्षाच्या शेवटी तशीच लोम्बार्डिया जिंकून वर्ल्ड टूर रँकिंगमध्ये पहिला आलेला रॉड्रिगेझ. दोनदा जिरो जिंकलेला इव्हान बासो होता. मिकेले स्कार्पोनी होता, ज्याच्या नावावर २०११ चा जिरो आहे. दामियानो कुनेगो होता, २००४ चा विजेता. क्रॉयझिगर, पोझोविवो, सगळे होते. हो, विगिन्स, एव्हान्स, निबाली ही मोठी नावं टूर दे फ्रान्सच्या तयारीत होती आणि कोंटाडोरवर बंदी होती, हे खरं. पण त्या वर्षी टूरमध्ये टाइम ट्रायलचे, म्हणजे घड्याळाविरुद्ध चालवायच्या स्टेजचे, जवळजवळ शंभर किलोमीटर होते आणि जिरोत एकट्याने चालवायच्या टाइम ट्रायल फक्त दोन, एक ८.७ किलोमीटरची आणि एक २८.२ ची. म्हणजे जिरोचा रस्ता रॉड्रिगेझसारख्या लहानखुऱ्या क्लाइंबरसाठी आखल्यासारखा होता आणि हेशेडाल तर सहा फुटांच्या वर उंच, सत्तर किलोच्या वरचा माणूस, डोंगरात त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वजन वर न्यायचं होतं त्याला.

"एक स्टेज जिंकली नाही." एकट्याने नाही जिंकली, बरोबर. व्हेरोनाची टीम टाइम ट्रायल त्याच्या टीमने जिंकली. ग्रेग लेमाँडने १९९० ची टूर एकही स्टेज न जिंकता जिंकली होती, त्याला कोणी फ्लूक म्हणत नाही. ही रेस वेळेची असते.

आणि वेळ त्याने कशी मिळवली ते बघा. सातव्या स्टेजला रोक्का दि कांबिओच्या चढावर पाचवा येऊन गुलाबी जर्सी घेतली, जिरोत ती घालणारा पहिला कॅनेडियन. दहाव्या स्टेजला असिसीत रॉड्रिगेझने ती काढून घेतली. चौदाव्या स्टेजला चेर्विनियाला वर चढताना हा फेव्हरिट्सच्या ग्रुपमधून निसटला आणि जर्सी परत आणली, फरक ९ सेकंद. दुसऱ्याच दिवशी ती परत गेली आणि हा ३० सेकंद मागे पडला. तिथे बहुतेकांनी त्याला धरलंच नव्हतं, म्हणजे चांगला रायडर आहे, पण तिसऱ्या आठवड्यातल्या डोलोमाइट्समध्ये हळूहळू सुटत जाईल असंच सगळे समजत होते.

मग एकोणिसावी स्टेज, आल्पे दि पाम्पेआगो. चढ असा की टीव्हीवर बघताना पण दम लागतो. पुढे गेलेला क्रॉयझिगर स्टेज जिंकला, पण मागे हेशेडालने बासो, स्कार्पोनी आणि खुद्द रॉड्रिगेझला मागे सोडलं आणि दुसरा आला. १३ सेकंद परत मिळवले, उरले १७. जो माणूस डोंगरात मागे पडेल म्हणून सगळे वाट बघत होते त्याने सगळ्यात तीव्र चढावर शुद्ध क्लाइंबरला मागे टाकलं! याला नशीब कसं म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी मोर्तिरोलो आणि वर स्टेल्व्हिओ, म्हणजे २७५० मीटरच्या वर फिनिश, बाजूला बर्फ. थॉमस डी गेंट पुढे निघून गेला आणि त्याची आघाडी इतकी वाढली की तोच जिरो जिंकतोय की काय असं वाटायला लागलं. खाली दरीत टीममधला क्रिस्टियन व्हँडे व्हेल्डे हेशेडालसाठी जीव तोडून ओढत होता, म्हणजे पुढे राहून वारा स्वतःच्या अंगावर घेत होता, पण तो संपल्यावर वर चढावर काम कोण करणार? कोणीच नाही. रॉड्रिगेझ मागे बसून, स्कार्पोनी मागे बसून, आणि हा लांब माणूस पुढे वाकून मिनिटामागून मिनिटं स्वतः ओढतोय, डी गेंटची वेळ कमी करतोय, आणि त्याला माहितीये की शेवटी हेच लोक त्याच्या मागून उडी मारून जाणार. तसंच झालं, रॉड्रिगेझने वर १४ सेकंद काढले. पण त्या दिवशी त्याने ओढलं नसतं तर जिरो डी गेंटला गेला असता आणि रॉड्रिगेझसकट सगळे हरले असते. मला विचाराल तर त्याने जिरो स्टेल्व्हिओवरच जिंकला, मिलानमध्ये फक्त हिशोब पूर्ण केला.

२७ मे, मिलान, २८.२ किलोमीटर, ३१ सेकंद मागे. स्टेज मार्को पिनोत्तीने जिंकली, हेशेडाल सहावा, पण रॉड्रिगेझपेक्षा ४७ सेकंद फास्ट. तीन आठवड्यांनंतर फरक उरला १६ सेकंदांचा. कॅनडाचा पहिला ग्रँड टूर विजेता, आणि १९८८ च्या अँडी हॅम्पस्टेननंतर जिरो जिंकणारा पहिला उत्तर अमेरिकन.

कोणी म्हणेल टीम टाइम ट्रायलने तारलं. व्हेरोनाला रॉड्रिगेझची कातुशा टीम दुसरी होती, पाचच सेकंद मागे. संपला विषय.

"आधी ना नंतर काही केलं नाही." २००९ ला व्हुएल्टाची स्टेज, आल्टो दे व्हेलेफिकेवर. २०१० ला आम्स्टेल गोल्ड या एक दिवसाच्या रेसमध्ये दुसरा. त्याच वर्षी टूरमध्ये तो खरं तर व्हँडे व्हेल्डेच्या मदतीला गेला होता, व्हँडे व्हेल्डे दुसऱ्या दिवशी पडून बाहेर गेला, आणि याने तिसऱ्या स्टेजला दगडी रस्त्यांवर बराच वेळ एकट्याने पुढे राहून चौथा नंबर काढला, नंतर तूरमालेच्या डोंगरावर परत चौथा, शेवटी एकूण सातवा, जो पुढे कोंटाडोर आणि मेन्शोव्हची नावं काढल्यावर पाचवा झाला. दगडांवर आणि तूरमालेवर एकाच टूरमध्ये चौथा येणारे किती असतात? २०१२ च्या टूरमध्ये मेत्झच्या वाटेवरच्या मोठ्या अपघातात सापडून बाहेर पडला नसता तर काय झालं असतं माहीत नाही. नंतर २०१४ च्या जिरोत नववा, २०१५ च्या जिरोत पाचवा, तेव्हा तो ३४ वर्षांचा होता.

कॅनडाबद्दलचं वाक्य तर वाचूनच कळतं की लिहिणाऱ्याने काही बघितलेलं नाही. स्टीव्ह बाउअर १९८४ ला ऑलिंपिक सिल्व्हर, १९८८ च्या टूरमध्ये चौथा, दोन टूर मिळून १४ दिवस पिवळी, म्हणजे आघाडीवर असणाऱ्याची जर्सी, १९९० ला पॅरिस-रुबे या एक दिवसाच्या रेसमध्ये दुसरा, आणि तिथला फरक इतका कमी की फोटो बघून ठरवावं लागलं. अ‍ॅलेक्स स्टीडा १९८६ ला टूरची पिवळी जर्सी घालणारा पहिला उत्तर अमेरिकन. हेशेडालनंतर ह्यूगो हूल २०२२ ला फ्वामध्ये, मायकल वूड्स २०२३ ला प्वी द डोमवर, दोघांनी टूरच्या स्टेज जिंकल्या. अ‍ॅलिसन जॅक्सनने २०२३ ला महिलांची पॅरिस-रुबे जिंकली. डेरेक गी २०२५ च्या जिरोत चौथा. आणि त्याच वर्षी किगालीत माग्दलेन व्हालिएर महिलांची वर्ल्ड चॅम्पियन झाली.

आता खरा आरोप. डोपिंग.

हेशेडाल आधी माउंटन बायकर होता, कॅनडातल्या व्हिक्टोरियाचा, २००३ ला लुगानोमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपचं सिल्व्हर घेतलेला. ऑक्टोबर २०१३ मध्ये डेन्मार्कच्या मिकाएल रास्मुसेनने आपल्या आत्मचरित्रात लिहिलं की २००३ मध्ये त्याने तीन कॅनेडियन माउंटन बायकर्सना ईपीओ, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी वाढवणारं औषध, कसं घ्यायचं ते शिकवलं, आणि त्यात हेशेडालचं नाव होतं. हेशेडालने ते नाकारलं नाही. दहा वर्षांपूर्वी चुकीचा रस्ता निवडला, माफी मागतो, थोडाच काळ होतं, यूसाडा, म्हणजे अमेरिकेची डोपिंगविरोधी संस्था, आणि कॅनडाच्या डोपिंगविरोधी संस्थेला आधीच सगळं सांगितलंय, असं त्याचं निवेदन आलं. तेव्हाच्या नियमाची आठ वर्षांची मुदत उलटून गेली होती म्हणून बंदी लागली नाही.

मी त्याचा चाहता आहे आणि मला हे झाकायचं नाही. ते सिल्व्हर डागाळलेलं आहे. पुढे तो यूएस पोस्टल आणि फोनाकमध्ये होता, म्हणजे त्या काळातल्या सगळ्यात वाईट नावांच्या टीम्समध्ये, हे पण खरं. २०१२ च्या जिरोबद्दल मात्र त्याच्याविरुद्ध ना पॉझिटिव्ह टेस्ट आहे, ना बायोलॉजिकल पासपोर्टची, म्हणजे खेळाडूच्या रक्ताच्या चाचण्यांच्या दीर्घ नोंदीची, केस, ना कोणाची साक्ष. पासपोर्ट म्हणजे स्वच्छतेचं सर्टिफिकेट नव्हे हे मला कळतं, आणि कोणाला त्या जिरोकडे बघताना मनात शंका येत असेल तर मी त्याला वेडा म्हणणार नाही, ती शंका हेशेडालने स्वतःच ओढवून घेतलीये. पण मग "दहा वर्षांपूर्वी डोपिंग केल्याचं कबूल केलं" एवढं लिहा, त्याच्याखाली मोटरचा व्हिडिओ कशाला लावता? डोपिंगचं कबूल केलेलं आहे आणि मोटरचं काहीच सापडलेलं नाही, हे दोन्ही शेजारी ठेवले की उद्या मोटरचं खोटं ठरल्यावर लोक डोपिंगचं पण खोटंच समजणार.

आणि मला सर्वात जास्त लागतं ते त्या व्हिडिओत कुठेच नाही. तो गप्प बसला. मे २०१२ मध्ये मिलानला गुलाबी जर्सी घालून उभा राहिला तेव्हा त्याला हे माहीत होतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये लान्स आर्मस्ट्राँगचं डोपिंगचं प्रकरण बाहेर आलं आणि त्याच व्हँडे व्हेल्डेने, ज्याने मोर्तिरोलोनंतर त्याला ओढलं, आपलं नाव सगळ्यांसमोर येऊ दिलं, सहा महिन्यांची बंदी घेतली, तेव्हाही हा लोकांशी काही बोलला नाही, दुसऱ्या कोणाच्या पुस्तकात नाव येईपर्यंत बोलला नाही. कॅनडाच्या डोपिंगविरोधी संस्थेने तेव्हा त्याचं सहकार्य मान्य केलं पण हे पण स्पष्ट सांगितलं की या प्रकारामुळे आणि सायकलिंगमधल्या गप्प राहण्याच्या संगनमतामुळे कॅनडाच्या स्वच्छ खेळाडूंच्या संधी हिरावल्या गेल्या. ते खेळाडू कोण होते, २००३-०४ च्या टीममध्ये कोणाची जागा गेली, यावर कोणी दोन मिनिटांचा व्हिडिओ केला तर तो मी स्वतः सगळ्यांना पाठवीन.