बेडूक कुठंय?

आज आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन झालं. पाहुणे प्रयोगशाळेत आले, बेडकासाठी केलेल्या काचेच्या पेटीपुढं थांबले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, इकडून बघितलं, तिकडून बघितलं आणि विचारलं, "बेडूक कुठंय?"

म्हणलं, "सर, बेडूक नाही आणला."

संस्थेतले एकजण लगेच म्हणाले, "तोवर एखादा प्लास्टिकचा तरी ठेवायचा होता बाई. फोटोला बरा दिसला असता." सगळे हसले. मीपण हसले. ते हसू घरी येईपर्यंतसुद्धा पुरलं नाही, म्हणून आता हे लिहीत बसलेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

बेडकाचं खूळ माझंच होतं, हे कबूल. मागच्या वर्षी आठवीच्या लेकरांना डार्ट फ्रॉगचे, म्हणजे रंगीत विषारी बेडकांचे, फोटो दाखवले. सुरिनामच्या जंगलातला निळाशार, कोलंबियातला पिवळाजर्द. त्या पिवळ्याचं विष तिथले एंबेरा लोक फुंकणीच्या बाणांना लावत. अंगठ्याएवढा जीव! पहिला प्रश्न आला, "बाई, शाळेत आणला तर आपण मरू का?" नाही मरणार. हे विष त्याचं स्वतःचं नसतं, जंगलातले बारीक किडे खाऊन त्याच्या अंगात साठतं. पेटीत जन्मलेल्या, चिलटांवर वाढलेल्या बेडकात ते नसतंच. ढवळ्या-पवळ्याची म्हण आपल्याला पाठ आहे, इथं ती उलटी होते. वाण राहतो, गुण जातो.

झालं, वर्ग पेटला. दिवाळीनंतर काम सुरू केलं. काचवाल्याकडून तीन फुटी पेटी करून घेतली (पैसे कुणाचे ते विचारू नका, घरी अजून माहीत नाही). तळाला पाणी निथळायला थर लागतो. त्याला बाजारात मातीच्या भाजलेल्या गोळ्या मिळतात, आम्ही पडक्या वाड्याची कवेलं फोडून घातली. त्यावर मच्छरदाणीचा तुकडा, त्यावर कोकोपीट (नारळाचा भुसा), कोळसा आणि वाळलेली पानं. एक पोरगा म्हणाला, "आपली काळी माती कामून नाही घ्यायची?" मी म्हणलं, घालून बघ. त्यानं एका बरणीत घातली, आठ दिवस पाणी मारलं. वर चिखल, खाली वास. मग पाणी बंद केलं तर बोट जाईल एवढी भेग. शेतकऱ्याचं पोर, त्याला भेगा काय नव्या नाहीत. पण ही माती पाणी पिऊन फुगते आणि तिच्यात हवा खेळत नाही, हे त्याला त्या बरणीनं शिकवलं. माझ्या फळ्यानं नाही.

बोअरचं पाणी फवारलं तर चार दिवसांत काचेवर पांढरे डाग. म्हणून पत्र्यावरून पिंपात धरलेलं पावसाचं पाणी पुरवून पुरवून वापरलं. कुंडीखालचे, हात लावला की गोळी होणारे किडे आले. टाचणीच्या डोक्याएवढे उड्या मारणारे पांढरे किडे आले. ही सफाई कामगारांची टोळी, बुरशी आणि घाण खाऊन पेटी जिवंत ठेवते. आधी पेटी जगवायची, महिना-दोन महिने नुसती चालवायची, बेडूक त्यानंतर. हौशी लोकांचा हा साधा नियम आहे. पाहुण्यांना कुणी सांगावं?

आणि मी माती खाल्लेली पण सांगते. फवारायला एकानं घरून हातपंप आणला. धुतलाय म्हणाला, मी विश्वास ठेवला. आधी त्यात कापसावरचं औषध होतं. दुसऱ्या दिवशी पेटीत एकही किडा हलत नव्हता. बेडूक तर कातडीनं पाणी पितो. तो आत असता तर?

मला तेव्हा माझा बेडूक आठवला. जुन्या मैत्रिणींना ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगते. मी चौथीत होते. पाऊस ओढ देऊन बसला होता. गावात धोंडी काढायची ठरली आणि बेडूक पकडायला मला पाठवलं, कारण मी भीत नव्हते. हापशाखालच्या चिखलातून मीच काढला. पाटावर लिंबाच्या पाल्यात त्याला दोरीनं बांधला, "धोंडी धोंडी पाणी दे" म्हणत दुपारभर दारोदार. बाया तांब्या तांब्या पाणी ओतायच्या, ते लिंबाचा पाला बांधलेल्या पोराच्या डोक्यावर जास्त आणि बेडकावर कमी. संध्याकाळी सोडायचा तर विहिरीत पाणी नाही. दोरी सोडली तेव्हा तो वाळून गेला होता. आजी म्हणाली, "गेला देवाला सांगायला." आठव्या दिवशी पाऊस आला. सगळं गाव खूश. मला तो पाऊस आजपर्यंत गोड लागलेला नाही.

तर मे महिना. परभणीचा मे तुम्हाला वेगळा सांगायला नको. डार्ट फ्रॉगला २२ ते २७ अंश लागतं, तिशीच्या वर गेलं की त्याचं खरं नाही. शाळेला सुट्टी, लाईटचा भरवसा नाही. शाळेमागं राहणाऱ्या एका पोरीकडं किल्ली दिली, म्हणलं रोज दुपारी पेटीतलं तापमान लिही. नोंदवहीत लेकरांनी आधीच रकाने आखून ठेवले होते: तारीख, तापमान, बेडकाची तब्येत. जूनमध्ये वही उघडली. ३६. ३७. ३८.५. आणि तब्येतीच्या रकान्यात, ओळीनं अठरा दिवस, तिच्या त्या गोल अक्षरात: "मेला असता. मेला असता. मेला असता."

वर्गानं मत घेतलं. चार जण "कूलर लावू, आणूच" म्हणाले, बाकी सगळे नको. मी मत दिलं नाही. मला तो पाट दिसत होता.

आज तीच वही मी पाहुण्यांच्या हातात दिली. त्यांनी ती न उघडता टेबलावर ठेवली आणि फोटोसाठी उभे राहिले. राग याचा आहे. प्लास्टिकच्या बेडकाचा नाही.

आता कुणीतरी म्हणेलच, शहरातल्या शाळेत एसी असतो, तिथं जगतात. जगत असतील. हा बेडूक दिवसा जागा असतो, शाळेच्या वेळेत दिसतो, आपले रात्री निघतात, हेही खरं. बाप पिल्लांना पाठीवर घेऊन पानातल्या पाण्यात नेऊन सोडतो, ते डोळ्यांनी बघायला मिळालं तर कोणतं लेकरू विसरेल? मलाही बघायचंय, अजून. पण तो सायटीसच्या (जंगली जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतला जीव, वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर तर घरी-दारी ठेवायचा तर नोंदणी लागते. अन् नोंदणी झाली तरी मे चुकतो का?

"माणसाला पाणी नाही आन् बेडकाला फवारे" हेही ऐकून झालं. शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, आम्ही काही विसरलो नाही. पेटीला दिवसाला अर्धा तांब्या लागतो हो. आज व्यासपीठापुढं सडा मारायला अर्धा टँकर गेला, त्याचा हिशेब कुणी मागितला?

आणि रंगीतच पाहिजे ना? पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यावर या. आपला मोठा बेडूक, त्यातला नर, हळदीसारखा पिवळा होतो, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवतो आणि असा ओरडतो की झोप लागू नये. त्याला पकडून पेटीत घालता येत नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षण आहे, आणि ते बरंच आहे. जुलैत नेलं होतं लेकरांना, बॅटऱ्या घेऊन. किल्लीवाली पोरगी चिखलात बसली, बराच वेळ काही बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, "बाई, हा जिवंत लिहायचा का?"

लिही म्हणलं.

असो. थंडी पडलीय, आज सकाळी पेटीत १३ अंश होतं, तिनं नेहमीसारखं "मेला असता" लिहिलं. पेटी मात्र झकास आहे. फर्न वाढलंय, मुख्याध्यापकांच्या बाटलीतून मागून आणलेला मनीप्लांट वरच्या जाळीला टेकलाय, गोळीकिड्यांना पिल्लं झालीत. पानं तेवढी संपलीत, टोळीनं फस्त केली. ज्यांच्या दारात देशी बदाम आहे, त्यांनी वाळलेली पानं झाडून पेटवू नका, पोत्यात भरून ठेवा, रविवारी स्कूटीवर येऊन नेते. झाडावर कधी काही फवारलं असेल तर मात्र राहू द्या.